खंडेनवमीचा फेरा

ती घटना आठवली की आजही माझे तळपाय गार पडतात. नोकरीत त्याहून वाईट प्रेतं मी पाहिली आणि त्याहून निर्ढावलेले आरोपीही पाहिले. पण त्या प्रकरणात जो तो घाबरलेला होता, आणि कोण कशाला घाबरतंय हे आम्हाला कळेपर्यंत एक माणूस खुनाच्या आरोपाखाली कोठडीत बसला होता. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्या लोकांची मुलं-नातवंडं अजून त्याच भागात राहतात.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नवीन उपनिरीक्षक होऊन खाडीकाठच्या एका ठाण्यात रुजू झाले होते. नवी मुंबई तेव्हा निम्मी तरी कागदावरच होती. नेरूळला भराव पडत होते, रबाळ्याला कारखान्यांची धुराडी उभी राहत होती आणि मधल्या पट्ट्यात बोनकोड्यासारखी जुनी गावं होती. त्यांची शेतं गेली होती, मिठागरं गेली होती. गावातली माणसं मिळेल तिथे कामाला लागत होती आणि बाहेरून आलेल्या कामगारांकडे जरा तिरक्या नजरेनं बघत होती.

ठाण्यात बाई अधिकारी मी एकटीच. शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, स्वभाव अबोल. आमचे जुने हवालदार एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "मॅडम, चौकशी करताना जरा आवाज काढा. परवा तो पाकीटमार मला विचारत होता, ह्या बाईंचं पाकीट मी मारलं का म्हणून." मी हसले, पण आवाज काही चढला नाही. साहेब, म्हणजे आमचे वरिष्ठ निरीक्षक, मला बहुतेक वेळा बायकांचे जबाब घ्यायला पाठवत. मला ते काम आवडायचं. त्यात बोलावं कमी लागतं.

रबाळ्याच्या खालच्या अंगाला खाडीच्या कडेनं लाकडाची एक मोठी वखार होती. जहाजातून उतरवलेले ओंडके तराफ्यासारखे बांधून भरतीच्या पाण्यावर तिथवर आणत. ओहोटी लागली की ते चिखलात बसत. ते वर ओढायला वखारीत एक यंत्र होतं. पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल इंजिनावर चालणारं विंच, म्हणजे तार गुंडाळणारं लोखंडी पिंप. शेडबाहेर उंच लोखंडी टॉवर, त्याच्या टोकाला मोठी कप्पी. विंचवरची मनगटाएवढी जाड तार त्या कप्पीवरून जाऊन थेट खाडीत रोवलेल्या खांबापर्यंत पोचायची. ओंडका तारेला अडकवला आणि इंजिन चालू केलं की झाडाचं ते धूड चिखलातून घरंगळत वर यायचं. तार तुटली तर समोर उभ्या माणसाचे दोन तुकडे होतील, असं तिथले लोक अगदी सहज सांगत.

या यंत्राला दर आठवड्याला ग्रीस लागायचं. वखारीचा ऑइलमन बोनकोड्याचा, गावातलाच तरणा माणूस. तो अनवाणी टॉवरवर चढायचा, वरच्या कप्पीत ग्रीस भरायचा, तार हातानं चाचपून बघायचा. आतली बारीक तार तुटली असेल तर ती काट्यासारखी बोटाला टोचते. विंच चालवणारा ऑपरेटर मराठवाड्यातून आलेला, बौद्ध समाजातला, चाळिशीचा माणूस. शेडच्या पत्र्यामुळे ऑपरेटरला टॉवरचं टोक दिसत नसे. म्हणून त्या दोघांनी एक रीत पाडली होती. वर चढायच्या आधी ऑइलमन आपल्या चपला काढून ऑपरेटरच्या खुर्चीवर ठेवायचा. चपला खुर्चीवर आहेत तोवर माणूस वर आहे. खाली आला की त्यानंच त्या उचलायच्या, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाटी नव्हती, कुलूप नव्हतं. चपला होत्या, आणि त्या नियमावर इतकी वर्षं सगळं बिनघोर चाललं होतं.

खंडेनवमीच्या आधी यंत्राची वर्षाची मोठी तपासणी व्हायची. सगळं पुसून, ग्रीस भरून, बोल्ट आवळून झालं की नवमीला पूजा. पूजेनंतर हत्यार लावायचं नाही. फक्त शुभ म्हणून यंत्राचा एक फेरा काढायचा आणि बंद करायचं.

त्या नवमीला तो फेरा निघाला तेव्हा कप्पीचं राहिलेलं ग्रीस भरायला ऑइलमन वर होता. कप्पीवर ठेवलेला त्याचा हात तारेबरोबर आत ओढला गेला आणि तो खालच्या ओंडक्यांवर पडला. आम्ही पोचलो तेव्हा झांजा नुसत्या जमिनीवर पडल्या होत्या. विंचवर झेंडूच्या माळा होत्या, लोखंडावर कुंकवाचे पट्टे ओढलेले होते. त्याच्या चपला मी स्वतः पाहिल्या. शेडच्या खांबापाशी, जोडीनं, भिंतीकडे टोकं करून नीट ठेवलेल्या. एका पट्ट्यावर लाल डाग होता. हवालदारांनी पंचनाम्यात 'रक्तसदृश डाग' असं लिहिलं आणि चपला मुद्देमालात घेतल्या. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. अपघातच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वखारीचा मुकादम ठाण्यात आला. बोनकोड्याचाच, मयताच्या वडिलांचा लांबचा भाऊ. धोतराचा सोगा तोंडावरून फिरवत तो दारातच घुटमळला.

"साहेब हायत का?"

"बाहेर गेलेत. मला सांगा," मी म्हणाले.

त्यानं माझ्या मागे कुणी पुरुष दिसतो का ते पाहिलं. हवालदार टेबलावरून म्हणाले, "सांगा की त्यांना. त्याच साहेब आहेत."

मुकादम आत आला, पण बसला नाही. "अपघात नाय तो, बाय. मारलाय त्याला. चपला खुर्चीवर होत्या. मी डोल्यांनी बघितल्या. ऑपरेटरनी बघून सुरू केली मशीन. नंतर चपला उचलून खांबाकडं टाकल्या."

"त्यानं का मारावं?"

"भांडान होतं दोघांत. आठ दिस झालं नसतील, सगल्या वखारीदेखत बोलला त्याला, तू एक दिस वरच मरशील. इचारा कुनाला पन. आणि पूजेच्या टायमाला हा मानूस शेडच्या बाहेर जाऊन उभा ऱ्हायला. आमच्या देवाचा तोंड बी बघत नाय."

चौकशी केली तर भांडण खरं निघालं. ते वाक्य चारचौघांनी ऐकलेलं. पूजेच्या वेळी ऑपरेटर बाहेर गेला हेही खरं. मयताच्या वडिलांची फिर्याद घेतली, कलम तीनशे दोन लागलं आणि ऑपरेटरला अटक झाली. एका अर्थी बरंच झालं, कारण तोवर वखारीबाहेर गर्दी जमली होती आणि गर्दीतल्या काहींच्या हातात कोयते होते. त्याला जीपमध्ये घालताना मी त्याच्या बाजूला बसले होते. बाहेरून कुणीतरी जीपच्या टपावर थाप मारली आणि तो डोकं वाकवून सीटवरून खाली सरकला. मीही सरकले. दोघांपैकी कोण आधी, हे आता सांगता येणार नाही.

चौकशी साहेबांनी घेतली. मी कोपऱ्यात लिहून घेत होते.

"चपला होत्या की नव्हत्या?"

"जाताना व्हत्या, साहेब. आलो तवा नव्हत्या."

"मग गेल्या कुठं? चालत गेल्या?"

"ते मला ठाव न्हाई. नव्हत्या म्हून मानूस खाली आला असं धरलं. इतकी वरसं तसंच धरतो. मुकादम म्हनला, चल, टाइम चाललाय. मी दांडा ओढला."

"पूजेला का थांबला नाहीस?"

"आमी करत न्हाई, साहेब. कुनाला अडवत बी न्हाई. आरती व्हईस्तोर बाजूला जाऊन उबा ऱ्हातो, दर साली."

"वरच मरशील म्हणालास त्याला."

तो पहिल्यांदा वर बघून बोलला. "म्हनलो. तारंला काटे फुटले व्हते. बदल म्हनलो, मालकाला सांग. तो म्हनला, दिवाळीपत्तुर ओढंल. मी म्हनलो, लेका, वरच मरशील. आता घरच्या मानसाला आपन कसं बोलतो, साहेब?"

साहेब बाहेर आले आणि सिगारेट पेटवत म्हणाले, "सगळे असंच सांगतात." ते चुकीचं नव्हतं. सगळे असंच सांगतात. पण पोलिसात एक गोष्ट मला लवकर कळली होती. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या सोयीचं बोलतो. 'माझ्या जाण्याच्या वेळी चपला होत्या' हे वाक्य ऑपरेटरच्या मुळीच सोयीचं नव्हतं. ऑइलमन वर चढलेला आपल्याला माहीत होतं, असं तो स्वतःच कबूल करत होता. चपला पाहिल्याच नाहीत म्हणाला असता तर सुटका सोपी होती.

दुसरं म्हणजे त्या चपला. चूक लपवायला घाईनं फेकलेल्या वस्तू अशा जोडीनं भिंतीकडे टोकं करून पडत नाहीत.

मी साहेबांकडे घटनास्थळ पुन्हा बघायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "बघा. पण वर चढू नका." मी मान हलवली. चढायचं नाही असं मी कबूल केलं नव्हतं.

वखार बंद होती. पंच म्हणून दोन कामगार आणि वखारीची माहिती द्यायला मुकादम आला होता. मी बूट काढून ऑपरेटरच्या खुर्चीवर ठेवले, हवालदारांना विंचजवळ उभं केलं आणि शिडीला हात घातला. मला उंचीची भीती वाटते. शाळेत असताना गच्चीच्या कठड्यापाशीसुद्धा मी जात नसे. शिडीच्या पायऱ्यांना ग्रीस लागलेलं होतं आणि अनवाणी पाय जपून टेकावा लागत होता. मी फक्त समोरच्या पायरीकडे बघत राहिले.

वर पोचल्यावर दोन गोष्टी दिसल्या. ग्रीसचा डबा तिथेच तारेनं बांधलेला होता, अर्धा भरलेला, त्यात बोटांच्या खुणा. म्हणजे काम अर्धवट होतं. आणि खाली बघितलं तर शेडचा पत्रा सोडून काही दिसत नव्हतं. विंच नाही, खुर्ची नाही, माणूस नाही. खाली झांजा वाजत असताना इथून कितीही ओरडलं तरी उपयोग नव्हता.

तेवढ्यात माझ्या कानाजवळची तार थरथरली.

ती हलली म्हणजे नुसती शहारल्यासारखी झाली, कप्पी किंचित कुरकुरली, आणि माझा हात कप्पीपासून वीतभर अंतरावर होता. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. खालून हवालदारांचा आवाज आला, "ए! हात काढ! हात काढ म्हणतो ना!"

मी कशी उतरले ते देव जाणे. खाली हवालदारांनी मुकादमाचं मनगट धरून ठेवलं होतं. त्यानं ब्रेकचा दांडा सैल केला होता. इंजिन बंद असल्यामुळे तार फक्त ढिली पडली होती.

"पंचांना दाखवत होतो, बाय, कसा चालतो ते," तो म्हणाला.

माझे बूट त्याच्या समोरच खुर्चीवर होते. मला मारायचा त्याचा इरादा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण खुर्चीवरचे बूट दिसत असूनही ज्याचा हात थांबला नाही, तो माणूस चपलांबद्दल इतक्या ठामपणे जबाब देतो, हे मनात रुतून बसलं.

ठाण्यात आल्यावर मी मुद्देमालातून चपला मागवल्या. कप्प्यातून काढून हवालदारांनी त्या कागदावर ठेवल्या. पट्ट्यावरचा डाग अजून लालच होता. रक्त एका दिवसात काळपट पडतं, त्याची खपली धरते. हा डाग कोरडा, भुकटीसारखा होता आणि त्याला अंगठ्याचा आकार होता.

"हवालदार, हे काय आहे?"

त्यांनी वाकून पाहिलं. कपाळाला हात लावला. "च्यायला. कुंकू आहे की."

म्हणजे कुंकवाच्या हातानं कुणीतरी चपला उचलल्या होत्या. आणि ज्या हातानं विंचला कुंकू लावलं त्याच हातानं उचलल्या असतील, तर कारणही समजण्यासारखं होतं. नवमीच्या दिवशी, पूजेला मांडलेल्या यंत्राच्या खुर्चीवर चपला. कुठलीही बाई त्या तशा राहू देणार नाही. माझ्या आईनं तर पाय धुऊन पुन्हा पूजा मांडली असती.

पंच म्हणून आलेल्या एका कामगाराला मी विचारलं, कुंकू कोण लावतं? तो म्हणाला, वखारीत भटजी येत नाही. जो मशीनचं तेलपाणी करतो त्याची बायको ताट घेऊन येते. दर वर्षी तीच लावते.

तो सहज बोलून गेला आणि निघून गेला. हवालदारांनी चपला पुन्हा कागदात गुंडाळल्या.

बोनकोड्याला मी साध्या साडीत गेले, हवालदारांना गावाबाहेर थांबवून. घरात बायका बसल्या होत्या. मयताची बायको कोपऱ्यात, विशीतली, माहेर नेरूळचं. तिचं कपाळ मोकळं होतं आणि उजवा हात पदराखाली होता.

"जबाब घ्यायला आले," मी म्हणाले.

सासू म्हणाली, "तिला काय इचारता, बाय? तिच्या पोटात अन्नाचा कन नाय. खुनी तर तुमी धरलाव ना?"

"दोनच गोष्टी विचारते." मी तिच्या समोर जमिनीवर बसले. "पूजेचं ताट कोणी आणलं होतं?"

"मीनी," ती म्हणाली. आवाज जेमतेम ऐकू आला.

"कुंकू?"

तिनं होकारार्थी मान हलवली. मग तिची नजर माझ्याकडे आली आणि मला कळलं की तिला सगळं माहीत आहे. कदाचित वरून तो ओरडत पडला त्याच क्षणी तिला कळलं असेल. ती बोलली असती तर त्या खोलीतल्या सगळ्या बायकांसमोर बोलावं लागलं असतं. सासू तिच्या खांद्याला लागून बसली होती.

मला पुढचा प्रश्न विचारता आला असता. तिला ठाण्यात बोलावता आलं असतं. मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. "ऑपरेटरला उद्या कोर्टात नेणार आहेत. त्याच्यावर खुनाचं कलम आहे."

"फाशी व्हईल त्याला?"

"होऊ शकते."

सासू म्हणाली, "होऊं दे!" दारातल्या एकदोघी बायकांनी "होऊं दे" म्हटलं. सुनेनं पदराखालचा हात आणखी आत ओढून घेतला. मी उठले. त्या घरातून बाहेर पडताना मला जी भीती वाटली ती टॉवरवरही वाटली नव्हती. ती बोलली नाही तर मी काय करणार होते? कुंकवाच्या डागावरून तिला खेचणार होते? आणि खेचलं असतं तर त्या गावानं तिचं काय केलं असतं?

सकाळी आरोपीला कोर्टात न्यायच्या आधी ठाण्यासमोर बोनकोड्याची माणसं जमली. मुकादम साहेबांच्या खोलीत साक्षीदार म्हणून बसला होता. गर्दीतून वाट काढत मयताचे वडील आत आले आणि त्यांच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली ती.

"ही बोलते, साहेबांना भेटायचाय," म्हातारे म्हणाले. "मना काय सांगत नाय. घरी बी काय सांगितला नाय."

ती साहेबांसमोर उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. हात जोडलेले नव्हते, दोन्ही हात पोटाशी एकमेकांत घट्ट धरलेले होते.

"त्या मानसानी चपला उचलल्या नाय, साहेब. मीनी उचलल्या."

साहेबांनी मला लिहून घ्यायची खूण केली.

"खुर्चीवर होत्या. मशीनला हलद-कुंकू लावायचा होता. देवाच्या दिसाला चपला वर कशा ठेवायच्या? मना काय म्हाईत, त्या कशासाठी ठेवतात? मी वर्सातून एकदा जाते तिथं. ह्यांनी घरी कवा बोलले नाय." सासरा तिच्याकडे बघत होता, तोंड उघडं पडलेलं. "मीनी काकांना इचारला. काका, यांच्या चपला हायत, कुठं ठेवू? काका बोलले, खांबाकडं ठेव."

तिनं मुकादमाकडे बोट केलं नाही. बघितलं फक्त.

मुकादम उठला आणि परत बसला. साहेबांनी सिगारेट विझवली. "मुकादम, हिनं तुम्हाला विचारलं होतं?"

"गर्दी होती, साहेब... आरती चालू... मी काय बोललो ते..."

"विचारलं होतं की नव्हतं?"

"मुहूर्त जात होता," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "मालक मागं उभे होते. बोलत होते, आटपा, आटपा. मना वाटला, तो उतरला आसंल. नंतर... नंतर लोकं इचारायला लागली. मी काय करू?"

म्हातारे त्याच्याकडे चालत गेले. मला वाटलं आता मारतील, आणि मी मध्ये पाय टाकला. पण ते त्याच्यासमोर उभे राहून एवढंच म्हणाले, "तू माझ्या पोराच्या सरनावर लाकडां ठेवलीस. तुझ्याच हातानी." मग ते सुनेकडे वळले. तिनं डोळे मिटून घेतले. तिला तिथेच हाकलून देतील, असं तिला वाटत असणार. त्यांनी तिच्या डोक्यावरचा सरकलेला पदर नीट केला आणि म्हणाले, "चल घरा."

बाहेरच्या गर्दीला काय सांगायचं हा प्रश्न होता. म्हाताऱ्यांनीच सांगितलं. "त्या परक्या मानसानी काय केला नाय," असं ते पायरीवरून म्हणाले आणि सुनेचा हात धरून चालते झाले. गर्दीला पुढचं काही समजलं नाही, पण बापच म्हणतोय म्हटल्यावर कोयते धोतरात गेले.

खुनाचं कलम गेलं. ऑपरेटर सुटला. मुकादम आणि मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, मुकादमावर खोटी माहिती दिल्याचा वेगळा. शेवटपर्यंत तो गर्दीत लक्षात राहिलं नाही असंच म्हणत राहिला. पहिल्या क्षणापुरतं ते खरंही असेल. त्याच्या पुढचं सगळं भीतीनं केलेलं होतं. पुढे माझ्या नोकरीत मी अशी माणसं खूप पाहिली. मुळातला गुन्हा छोटा, झाकायला रचलेला मोठा.

तिचा सविस्तर जबाब घ्यायला मला पुन्हा बोनकोड्याला जावं लागलं. या वेळी सासू बाहेर जाऊन बसली. जबाबावर अंगठा दिल्यावर तिनं मला विचारलं, "बाय, म्हंजे मीच मारला का त्यांना?"

"नाही," मी म्हणाले. "कायद्यानं तुमच्यावर काहीच येत नाही."

"मी कायद्याचा नाय इचारला."

मी कागद गोळा करत बसले, तेवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. ऑपरेटर आला होता. सुटल्यापासून त्या गावात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. अंगणाच्या बाहेर, रस्त्यावरच तो उभा होता, आत यायला धजावत नव्हता. ओट्यावरच्या बायकांनी बोलणं थांबवलं. त्याच्या शर्टाचं वरचं बटण ओढल्यानं तुटायला आलं होतं आणि बोटं त्याच्याशीच खेळत होती.

"वहिनी," तो तिथूनच म्हणाला. "दांडा मी ओढला. चपला नव्हत्या, तरी हाक मारायला पायजे व्हती. एक हाक. तुमी मनात काई ठिवू नका."

ती दारापाशी आली. दोघांमध्ये अख्खं अंगण होतं. मग सासू ओट्यावरून उठली आणि म्हणाली, "ऊन लागताय. आत येऊन पानी पी."

तो आत आला. पाणी प्याला आणि गेला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं ते सांगायचं तर साधं आहे. चपलांचा नियम चांगला होता. तो करणाऱ्यांनी जीव ओतून पाळला होता. पण तो फक्त तिथे रोज राबणाऱ्यांना माहीत होता, आणि यंत्रापर्यंत त्यांच्याखेरीज इतरांचेही हात पोचत होते. पुढे खाणीत, कारखान्यात, गिरणीत अपघाताच्या चौकशीला गेले की मी यंत्राचे कागद नंतर बघायची. आधी विचारायची, इथे काम न करणारं कोण कोण येतं? डबा कोण आणतं, झाडू कोण मारतं, पूजेला कोण येतं? आणि तुमचा नियम त्यांना कुणी सांगितलाय का?

बहुतेक ठिकाणी लोक आधी हसायचे. मग एखादा मध्येच हसायचा थांबायचा, आणि हळूच मान वर करून यंत्राच्या टोकाकडे बघायचा, तिथे कुणी आहे का ते.